अक्षर बरोबर, वाचन अडखळलं

आधीच सांगून टाकते. माझं शिक्षण बालवाडीपासून कॉन्व्हेंटमध्ये झालं, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका संपादक मंडळाने सांभाळून घ्याव्यात. दुसरी कबुली अशी की बारावीनंतर बायोलॉजीची पुस्तकं रद्दीत घालताना मला जेवढा आनंद झाला, तेवढा ॲडमिशन मिळाल्यावरही झाला नव्हता. तरीही हा लेख एका जीनवर आहे. का, ते सांगते.

मी डहाणूची. माझी रूममेट तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरची. दोन्ही तालुके पालघर जिल्ह्यात, नकाशावर एकमेकांना चिकटलेले. पण माझ्या घरून स्टेशन दहा मिनिटांवर आणि तिच्या पाड्यावरून लांब. मी कॉन्व्हेंटची, ती आश्रमशाळेची. गणितात ती माझ्यापेक्षा हुशार आहे हे इथे मुद्दाम लिहिते, कारण ती हा लेख वाचणार आहे.

डिसेंबरात आपल्या एनएसएसचं शिबिर तलासरीकडे होतं. एक दिवस सिकलसेल तपासणीचा होता. गावकऱ्यांबरोबर आम्हा स्वयंसेवकांचंही रक्त घेणार होते. मी रजिस्टर घेऊन बसले होते. संध्याकाळी नावं जुळवली तर एक नाव कमी. माझ्याच रूममेटचं.

रात्री मी तिला विचारलं, "सुईला घाबरतेस होय गं?"

ती म्हणाली, "सुईला नाही, कागदाला. आमच्या पाड्यावर एका पोरीचं कार्ड झालं. त्यावर 'वाहक' लिहिलेलं. तिला काही आजार नाही, भाताच्या लावणीला आमच्या सगळ्यांच्या पुढे असते. तरी तिची सोयरीक मोडली. पोराचं रक्त कुणी तपासलंच नाही."

यावर मी तिला अर्धा तास लेक्चर दिलं. विज्ञान, जागृती, अंधश्रद्धा, सगळं. ती शांतपणे ऐकून झोपली. लेक्चर देणं किती सोपं असतं ते मला तीन आठवड्यांनी कळलं.

एका अक्षराची चूक

आधी सिकलसेल समजून घेऊ, कारण आमच्या भागातला मोठा प्रश्न तोच आहे. आपल्या पेशींतल्या डीएनएमध्ये सुमारे तीन अब्ज अक्षरं असतात. अक्षरं चारच प्रकारची, ए, टी, जी आणि सी. या मजकुरातला प्रोटीन बनवण्याची कृती सांगणारा तुकडा म्हणजे जीन. अकराव्या क्रोमोसोमवर बीटा ग्लोबिनचा जीन आहे. हिमोग्लोबिनचा अर्धा भाग या बीटा ग्लोबिनचा असतो, उरलेला अल्फा ग्लोबिनचा. सिकलसेलमध्ये बीटा ग्लोबिनच्या जीनमध्ये 'जीएजी'च्या जागी 'जीटीजी' असतं. म्हणजे एकच अक्षर बदललेलं. त्यामुळे प्रोटीनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक ॲसिडऐवजी व्हॅलिन येतं. ऑक्सिजन सोडल्यावर असं हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं आणि गोल पेशी विळ्यासारखी वाकडी होते. १९४९ मध्ये लायनस पॉलिंग यांनी हा रेणूचा आजार असल्याचं दाखवलं. भारतात तो पहिल्यांदा १९५२ मध्ये निलगिरीतल्या आदिवासींमध्ये नोंदला गेला. महाराष्ट्रात विदर्भ, नंदुरबार आणि आमच्याकडचे आदिवासी तालुके या पट्ट्यांत तो आढळतो.

प्रत्येक जीनच्या आपल्याकडे दोन प्रती असतात, एक आईकडून आणि एक वडिलांकडून. एकच प्रत बदललेली असेल तर माणूस वाहक. तो लावणी करतो, परीक्षा देतो, म्हातारा होतो. दोन्ही प्रती बदललेल्या असतील तर मात्र आजार. मग हाडं ठणकतात, रक्त कमी होतं, ताप, थंडी किंवा पाण्याची कमतरता यांनी दुखणं उसळतं. नवरा-बायको दोघंही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला आजार असण्याची शक्यता चारात एक असते. 'प्रत्येक' हा शब्द लक्षात ठेवा. पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असा हिशोब नाही. नाण्याला मागची फेक आठवत नसते, हे आपण प्रोबॅबिलिटीत शिकलोच आहोत.

शिबिरात जी झटपट तपासणी होते, तिच्यात द्रावणात रक्त टाकून ट्यूबमागे रेघांचा कागद धरतात. रेघा दिसल्या तर सिकल नाही. द्रावण गढूळ होऊन रेघा दिसेनाशा झाल्या तर सिकल हिमोग्लोबिन आहे. पण माणूस वाहक आहे की आजारी, हे ती तपासणी सांगत नाही. त्यासाठी एचपीएलसी हे यंत्र लागतं. ते हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून ग्राफवर प्रत्येकाचं शिखर काढून देतं.

माझा कागद

माझ्या ट्यूबमागच्या रेघा स्वच्छ दिसल्या होत्या. स्वयंसेवकांचं रक्त पुढे एचपीएलसीसाठीही गेलं, आणि तीन आठवड्यांनी माझा रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन ११.४. लाल पेशी संख्येने भरपूर पण आकाराने लहान, एमसीव्ही ७०, म्हणजे नॉर्मलच्या ८० पेक्षा बराच कमी. हिमोग्लोबिन ए-टू ४.१ टक्के. खाली लिहिलेलं, 'बीटा थॅलेसेमिया वाहक असण्याची शक्यता'.

ए-टू म्हणजे काय? मोठ्या माणसात बहुतेक हिमोग्लोबिन अल्फा आणि बीटा साखळ्यांचं असतं. थोडंसं, साधारण दोन ते साडेतीन टक्के, अल्फा आणि डेल्टा साखळ्यांचं असतं, तेच ए-टू. बीटा कमी पडली की ए-टूचा वाटा वाढलेला दिसतो. मेसच्या भाजीत बटाटे कमी पडले की वाटाणे जास्त वाटतात, तसंच.

मी घरी फोन केला. मम्मीचा पहिला प्रश्न, "कुणाकडून आलं हे? आमच्याकडे तर कुणालाच नाही." दुसरं वाक्य, "हे बघ, सध्या कुणाला सांगू नको."

फोन ठेवला तेव्हा रूममेट समोर जर्नल लिहीत बसली होती. तिने सगळं ऐकलं होतं. ती काहीच बोलली नाही, आणि तेच मला जास्त लागलं. माझं घर डहाणूत, मी इंग्रजीत शिकलेली, घरात दोन वर्तमानपत्रं येतात. तरीही कागद आल्यावर आमच्या घरात पाड्यावरचाच शब्द उच्चारला गेला, सांगू नको.

खरी गोष्ट पुढेच आहे. डॉक्टर मॅडमनी आधी शरीरातल्या लोहाचा साठा तपासायला लावला. तो नॉर्मल होता. मग माझ्या बीटा ग्लोबिनच्या जीनची अक्षरं मुंबईच्या एका लॅबमध्ये वाचून घेतली. त्यात बिघाड सापडला नाही, सगळी अक्षरं जागच्या जागी!

आपण म्हणतो ना, सर्किट बरोबर, कनेक्शन बरोबर, तरी आउटपुट कमी. मी मॅडमना तेच विचारलं. त्यांनी रिपोर्टच्या मागे एक नाव लिहिलं, एसयूपीटी५एच. "हा असू शकतो, नसूही शकतो. पण तू इंजिनीअर आहेस, वाच. तुला आवडेल."

जीन वाचतो कोण?

डीएनए पेशीच्या केंद्रकात असतो आणि प्रोटीन बाहेर बनतं. त्यामुळे आधी जीनची आरएनए नावाची एक प्रत काढावी लागते. या कामाला ट्रान्सक्रिप्शन म्हणतात. ग्रंथालयातलं संदर्भ पुस्तक बाहेर नेता येत नाही, म्हणून आपण झेरॉक्स काढतो, तसंच काहीसं. प्रत काढणारं यंत्र म्हणजे आरएनए पॉलिमरेज-टू. ते डीएनएवरून सरकत एकेक अक्षर वाचतं आणि आरएनएची साखळी लांबवत जातं. या यंत्रणेची रचना अणूच्या पातळीवर दाखवल्याबद्दल रॉजर कॉर्नबर्ग यांना २००६ चं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

मला वाटायचं, यंत्र एकदा सुरू झालं की शेवटपर्यंत जात असेल. तसं होत नाही. बऱ्याच जीन्सवर ते सुरू होतं, साधारण वीस ते साठ अक्षरं जातं आणि थबकतं. पुढची परवानगी मिळाली तरच निघतं. सुरुवात ही एक पायरी आणि पुढे लांबवत नेणं, म्हणजे इलाँगेशन, ही वेगळी पायरी. दोन्हीकडे वेगवेगळं नियंत्रण असतं.

डहाणू लोकलने येणाऱ्यांना हे समजायला अवघड नाही. डहाणू रोडपर्यंत लोकल २०१३ मध्ये आली, त्यामुळे माझ्या पिढीचं लहानपण तिच्यातच गेलं. गाडी सुटते, फलाट मागे पडतो, आणि थोडं पुढे जाऊन उभी राहते. मोटरमन जागेवर आहे, वायरमध्ये वीज आहे, रूळ शाबूत आहेत. पण सिग्नल लाल. सिग्नल मिळाला, मागच्या डब्यातल्या गार्डने दोन घंट्या दिल्या, की गाडी निघते. (गार्डला २०२२ पासून रेल्वे 'ट्रेन मॅनेजर' म्हणते, पण आमच्या डब्यात अजून गार्डच आहे.)

एसयूपीटी५एच हा जीन जे प्रोटीन बनवतो, ते म्हणजे पेशीतला हा गार्ड. त्या प्रोटीनचं नाव एसपीटी५.

गार्डची गोष्ट

हा जीन एकोणिसाव्या क्रोमोसोमवर आहे. नावातलं 'एसपीटी' यीस्टकडून आलेलं. हो, बेकरीतलं यीस्ट! १९८० च्या दशकात यीस्टवर काम करताना असे काही जीन सापडले, की 'टीवाय' नावाच्या उड्या मारणाऱ्या डीएनएच्या तुकड्याने केलेला बिघाड त्यांच्यातल्या बदलांमुळे दबायचा. म्हणून ते 'सप्रेसर ऑफ टीवाय'. नावातला 'एच' होमोलॉगचा, म्हणजे यीस्टमधल्या त्या जीनचा माणसातला भाऊबंद. बॅक्टेरियातही याच घराण्यातलं नसजी नावाचं प्रोटीन आहे. म्हणजे हा गार्ड फार जुन्या नोकरीतला.

माणसातल्या पेशीत तो सापडला त्याची गोष्ट आपल्या ट्रबल-शूटिंगसारखी आहे. डीआरबी नावाचं एक रसायन पेशीतलं आरएनए लांबवण्याचं काम थांबवतं, हे माहीत होतं. पण शुद्ध केलेले भाग घेऊन परीक्षानळीत तेच काम चालवलं, तर डीआरबीचा परिणाम होईना. म्हणजे शुद्ध करताना काहीतरी गाळलं गेलं होतं. टोकियोतल्या हिरोशी हांडा यांच्या गटाने गाळलेले भाग परत मिसळून पाहिले आणि १९९८ मध्ये तो घटक पकडला. नाव दिलं डीएसआयएफ, म्हणजे डीआरबीला संवेदनशील करणारा घटक. तो दोन प्रोटीन्सची जोडी निघाला, एसपीटी४ आणि आपला एसपीटी५. पुढच्याच वर्षी त्याच गटाने एनईएलएफ हा त्याचा जोडीदार शोधला.

आता काम कसं चालतं ते पाहू.

पहिली पायरी. पॉलिमरेज निघालं की एसपीटी५ त्यावर चढतो आणि ज्या फटीत डीएनए बसतो ती वरून झाकतो. यंत्र रुळावरून घसरू नये म्हणून.

दुसरी पायरी. एनईएलएफ येऊन चाकाखाली दगड लावावा तसं यंत्र थांबवतो. एसपीटी५ त्याला मदत करतो. म्हणजे इथे गार्ड ब्रेकच्या बाजूने असतो.

तिसरी पायरी. पी-टीईएफबी नावाचं एन्झाइम येतं. ते एसपीटी५वर, एनईएलएफवर आणि पॉलिमरेजच्या शेपटीवर फॉस्फेट चिकटवतं. हा हिरवा सिग्नल. डीआरबी नेमका हा सिग्नलच बंद पाडतो.

चौथी पायरी. एनईएलएफ गळून पडतो, एसपीटी५ मात्र उतरत नाही. आत्तापर्यंत थांबवणारा तोच आता यंत्राबरोबर पुढे जातो आणि वाचन मध्येच तुटू नये म्हणून सांभाळतो.

मला हे फार आवडलं. एकच प्रोटीन आधी ब्रेक आणि नंतर सोबती. फरक फक्त फॉस्फेटचा. आपण ज्याला एनेबल पिन म्हणतो ते काम पेशी असं करते. थांबणंही फुकट नसतं. २००० मध्ये झेब्राफिश माशांत एसपीटी५ मधला एक बदल सापडला, ज्यात पुढे नेण्याचं काम शाबूत होतं आणि थांबवण्याचं गेलं होतं. त्या माशांच्या मेंदूत डोपामिन बनवणाऱ्या पेशी कमी भरल्या. ब्रेक नसलेली गाडीही बिघडलेलीच असते.

मग रक्तातच का दिसलं?

२०२० मध्ये 'ब्लड' या नियतकालिकात नेदरलँड्समधल्या लायडेनच्या संशोधकांचा एक लेख आला. काही लोकांचं रक्त हुबेहूब बीटा थॅलेसेमियाच्या वाहकासारखं होतं, लहान पेशी आणि वाढलेलं ए-टू. पण बीटा ग्लोबिनच्या जीनमध्ये चूक नव्हती. त्यांच्यात समान गोष्ट निघाली ती एसयूपीटी५एचच्या दोन प्रतींपैकी एकीतला बिघाड.

हे वाचताना मी मेसची घंटा झाली तरी उठले नाही. कुणीतरी माझाच रिपोर्ट लिहून ठेवला होता जणू.

पण एसपीटी५ तर शरीरातल्या सगळ्या पेशींत असतो. मग डोळ्यांत, हातापायांत काही नाही आणि रक्तातच फरक, असं का? मला पटलेलं उत्तर आपल्या विषयातलं आहे, लोड. जुनी बॅटरी नुसती मोजली तर बारा व्होल्ट दाखवते. स्टार्टर मारला की कळतं. एका लाल पेशीत हिमोग्लोबिनचे सुमारे २७ कोटी रेणू असतात आणि शरीर दर सेकंदाला वीस लाखांहून जास्त लाल पेशी बनवतं. म्हणजे मज्जेतल्या त्या कोवळ्या पेशीत ग्लोबिनचे जीन सतत, जोरात वाचले जात असतात. गार्डांची संख्या निम्मी झाली तर कमी गर्दीच्या मार्गावर फरक पडणार नाही. सकाळी आठच्या लोकलचा मार्ग मात्र लगेच कोलमडेल.

याचा उलटा उपयोगही होतो. २०२३ च्या अखेरीस ब्रिटन आणि अमेरिकेने सिकलसेलवरच्या क्रिस्पर उपचाराला मान्यता दिली. त्यात चुकलेलं अक्षर दुरुस्त करत नाहीत. बीसीएल११ए नावाचा एक नियंत्रक मज्जेतल्या पेशींत मंद करतात, त्यामुळे बाळपणी चालणारा आणि नंतर गप्प झालेला गॅमा ग्लोबिनचा जीन पुन्हा वाचला जातो. हायड्रॉक्सियुरिया हे जुनं, स्वस्त औषधही हेच बाळपणीचं हिमोग्लोबिन वाढवतं. म्हणजे जीनमध्ये काय लिहिलंय एवढ्यावर माणसाचं नशीब ठरत नाही. ते कसं वाचलं जातं यावरही ठरतं.

आपल्यासाठी एवढंच

गैरसमज नको. डहाणू-तलासरीत तपासणी करायची ती सिकलसेलची आणि थॅलेसेमियाची. एसयूपीटी५एच ही क्वचित आढळणारी गोष्ट आहे, आणि माझ्यातही तीच आहे की नाही हे ठरलेलं नाही. मॅडम म्हणाल्या, "तुझ्या तब्येतीला त्याची घाई नाही. लग्न ठरेल तेव्हा मुलाचंही रक्त तपासायला लाव, ते जास्त उपयोगाचं." तिकडे पाड्यावर कुणी विचारलंच नव्हतं ते हेच.

व्यवहाराच्या तीन गोष्टी सांगते. एक, एका बाजूला सिकलचा वाहक आणि दुसऱ्या बाजूला बीटा थॅलेसेमियाचा वाहक असेल तरीही प्रत्येक गरोदरपणात आजारी बाळाची शक्यता चारात एकच असते. म्हणून नुसत्या गढूळ ट्यूबवर थांबू नका, एचपीएलसी करून घ्या. दोन, हॉस्टेलमध्ये हिमोग्लोबिन कमी आलं की आपण सरळ लोहाच्या गोळ्या सुरू करतो. पेशी लहान असतील तर आधी लोहाचा साठा तपासा, कमतरता नसेल तर त्या गोळ्यांनी काही होणार नाही. तीन, वाहक हा रुग्ण नाही. १ जुलै २०२३ ला सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचं उद्दिष्ट आहे. म्हणजे लाखो तरुणांच्या हातात कार्डं येणार. त्या कार्डाकडे लोकांनी कसं बघायचं, हे मात्र कुठलंच यंत्र ठरवणार नाही.

मम्मीने सांगितलं होतं, कुणाला सांगू नको. मी अख्ख्या कॉलेजला सांगते आहे. लेख पाठवण्याआधी तिला फोनवर वाचून दाखवला. ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "पप्पांचं आणि माझं पण तपासून घ्यायला हवं, नाही का?"

आणि रूममेट? गेल्या महिन्यात एका रविवारी ती आपणहून म्हणाली, "चल, येतेस का सोबत?" आम्ही दोघी गेलो. तिने हात पुढे केला आणि सुई जाईपर्यंत माझ्याकडेच बघत राहिली. रिपोर्ट आला आहे. त्यात काय आहे ते मला माहीत आहे, पण इथे लिहिणार नाही. माझा कागद माझा होता म्हणून मी छापला. तिचा तिचा आहे.